यात पेशंट कुठे आहे? एका ब्लर्बची पूर्ण केस

सिस्टरांचा फोन आला तेव्हा त्यांचं पुस्तक येऊन सात महिने झाले होते. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, ३१ वर्षं वॉर्डात काढलेल्या, नाव देऊ नको असं त्यांनीच सांगितलंय आणि तसंही आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. पुस्तक कशावर, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची यावर. १८० पानं, स्वतःच्या खर्चाने छापलेलं. पहिल्या दोन महिन्यांत नातेवाईक, जुन्या सहकारी, ओळखीपाळखीचे सगळे घेऊन झाले आणि मग विक्री जी थांबली ती थांबलीच. "तू जाहिरातींचं लिहितोस ना, मग जरा जोरदार काहीतरी लिहून दे की रे," एवढंच त्यांचं म्हणणं.

ही केस सविस्तर लिहितोय कारण स्वतःचं पुस्तक स्वतः विकणारे बरेच लोक विचारतात की ब्लर्ब, म्हणजे मलपृष्ठावरचा पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर, कसा लिहायचा, आणि त्यावर चार टिपा देऊन खरंच काही होत नाही. एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं, कुठे चुकलं ते सुद्धा, तर हाताला काहीतरी लागतं.

मलपृष्ठावर काय छापलेलं होतं ते आधी देतो. ऑनलाइन पेजवरही हाच मजकूर होता:

"मानवी जीवन म्हणजे सुखदुःखाच्या धाग्यांनी विणलेले महावस्त्र. या प्रवासात कधीतरी आप्तस्वकीयांच्या शुश्रूषेची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. प्रस्तुत ग्रंथात लेखिकेने प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे रुग्णसेवेच्या विविध पैलूंवर प्रकाशझोत टाकला आहे. समाजाच्या सर्व स्तरांतील वाचकांना हा ग्रंथ निश्चितच उपयुक्त ठरेल."

व्याकरण बरोबर आहे, भाषा नीट आहे, आणि तरी त्यात काहीच नाही. मी अशा मजकुराला एक साधी परीक्षा लावतो. विषयाचा शब्द काढायचा आणि दुसरा घालायचा. "रुग्णसेवा" काढून "बालसंगोपन" घाला, "योगसाधना" घाला, परिच्छेद जसाच्या तसा उभा राहतो. जो मजकूर कुठल्याही पुस्तकावर चालतो तो या पुस्तकाचं काम करत नाही. पुस्तकाचं नावही तसंच, कवितेसारखं, दोन शब्दांचं, त्यात दिवा आणि संध्याकाळ. नाव सुंदर आहे हे मी आजही म्हणतो, पण ते वाचून कुणालाही वाटेल की कवितासंग्रह आहे.

आता माझी चूक. मी पुस्तक चाळलं, अनुक्रमणिका बघितली, आणि एका बैठकीत नवा मजकूर लिहून पाठवला. वर ठळक ओळ: "प्रेम आहेच, आता त्याला कौशल्याची जोड द्या." खाली तीन छोटे परिच्छेद, वाचायला गुळगुळीत. मला आवडला होता. सिस्टरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही आणि मग फोन करून एकच प्रश्न विचारला, "छान लिहिलंयस, पण यात पेशंट कुठे आहे?"

तो प्रश्न मी कागदावर लिहून समोर चिकटवला. कारण खरंच नव्हता. अंथरूण नव्हतं, चादर नव्हती, रात्र नव्हती, आणि ज्याने हे सगळं करायचंय तो माणूसही नव्हता. त्यांचं जुनं लिखाण अलंकारिक होतं आणि माझं नवं लिखाण जाहिरातीसारखं होतं, पण दोन्ही तेवढ्याच लांबून लिहिलेली.

मग पुस्तक पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचलं, आणि जे मला बनवायचं होतं ते तिथे आधीच होतं. तिसऱ्या प्रकरणात, पेशंटला पलंगावर वर सरकवायचं कसं या भागात, सिस्टरांनी लिहिलंय: "माणसाला ओढू नका, खालची चादर धरा." मग समजावलंय की बगलेत हात घालून ओढलं की कातडी गादीवर घासते, आतले थर ताणले जातात, खांदा दुखावतो, आणि तुमची कंबर जाते ती वेगळीच. त्यापेक्षा खाली दुपदरी आडवी चादर टाकून ठेवायची, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी, दोघांनी दोन्ही बाजूंनी ती गुंडाळून घट्ट धरायची आणि एक-दोन-तीन म्हणून उचलून वर घ्यायचं.

ती पहिली ओळ वाचली आणि मी थांबलो. सहा शब्द. त्यात अनुभव आहे, काय करू नये ते आहे, काय करावं ते आहे, आणि ज्याने कालच आईला बगलेतून ओढलंय त्याला लगेच कळतं की हे माझ्याबद्दल चाललंय. अशी वाक्यं मी पूर्ण पुस्तकातून गोळा केली. "ठसका लागला की पाणी देऊ नका, आधी बसवा." "टाचा हवेत पाहिजेत, उशी पोटरीखाली." "डायपर बदलताना बोलत राहा, हवामानाबद्दल बोला, पण बोला." ही शेवटची ओळ तर मी तीनदा वाचली. सिस्टरांना वाटत होतं ही साधी वाक्यं आहेत, कुणीही लिहील, म्हणून मलपृष्ठासाठी काहीतरी "चांगलं" लिहायला हवं. लेखकांच्या बाबतीत हे मी पुन्हापुन्हा बघतो, पुस्तकात माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो आणि मलपृष्ठ आलं की सभेत उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो.

पुढचं काम वाचकांशी बोलण्याचं. सिस्टरांकडून नऊ जणांचे नंबर घेतले, ज्यांनी पुस्तक घेऊन खरोखर वापरलं होतं असे. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "पुस्तक कसं वाटलं" विचारलं की लोक "खूप छान, उपयुक्त" म्हणतात, कारण लेखिका ओळखीची आहे, आणि तुमच्या हातात परत तेच प्रकाशझोत वगैरे येतं. मी विचारलं, पुस्तक उघडलंत त्याच्या आदल्या दिवशी घरी काय चाललं होतं? आणि मग गप्प बसून राहिलो. हे गप्प बसणं अवघड जातं, पण चांगलं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं.

एकाने सांगितलं, डिस्चार्ज दिला तेव्हा सगळं दाखवलं होतं, पण घाईघाईत, आणि घरी येऊन ॲम्ब्युलन्स निघून गेली आणि दार लावलं तेव्हा लक्षात आलं की आता आपणच. एक मुलगी म्हणाली, रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसले होते की बाबांची कूस बदलताना ते ओरडतात ते दुखतंय म्हणून की घाबरून. एकाला आईचा डायपर बदलायचा होता आणि तो अर्धा तास दुसऱ्या खोलीत बसून होता, आणि हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज इतका खाली गेला की मी पुन्हा विचारलं नाही.

नऊपैकी सहा जणांच्या बोलण्यात "पहिली रात्र" किंवा "घरी आणलं त्या दिवशी" हे आलं. मी सुचवलं नव्हतं. अनुक्रमणिकेत तसं प्रकरणही नव्हतं, सिस्टरांनी विषयवार मांडणी केली होती, त्वचा, आहार, स्वच्छता, औषधं, जशी नर्सिंगच्या पुस्तकात असते. वाचकाच्या डोक्यात मात्र सगळं वेळेनुसार होतं: घरी आणलं, रात्र झाली, सकाळ झाली.

शब्दांचंही तेच. नऊ फोनमध्ये "शुश्रूषा" एकदाही आला नाही. "शय्याव्रण" एकदाही नाही. लोक म्हणाले बेडसोर, पाठीची जखम, कुशीवर वळवणं, नळीतून जेवण, ठसका. पुस्तकात पहिल्या पानापासून शय्याव्रण होतं आणि ऑनलाइन पेजवर शोधासाठी जे कीवर्ड भरतात तिथेही शुद्ध मराठी शब्दच भरलेले. आता रात्री दोन वाजता कोण "शय्याव्रण प्रतिबंध" टाइप करेल? ॲमेझॉनवर स्वतः प्रकाशित करताना कीवर्डसाठी सात रकाने असतात आणि प्रत्येकात एकच शब्द भरायची सक्ती नाही, पूर्ण शब्दसमूह चालतो, त्यामुळे आम्ही ते सगळे रकाने लोकांच्या तोंडच्या शब्दांनी भरले. सिस्टरांना "बेडसोर" लिहायला थोडं जड गेलं, आयुष्यभर पेशंटसमोर तोच शब्द वापरला असूनही. छापील म्हटलं की वेगळी भाषा ही सवय खोल असते.

इथे थोडं थिअरीचं बोलतो, कारण पुढचे निर्णय त्यावर आहेत. यूजीन श्वार्ट्झ नावाचे अमेरिकन कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर (कॉपी) लिहिणारे, होते, १९६६ साली त्यांनी वाचकाच्या जाणिवेच्या पाच पायऱ्या मांडल्या. अगदी थोडक्यात, एक जण असा की ज्याला आपल्याला अडचण आहे हेच माहीत नाही, दुसऱ्याला अडचण कळलीये पण उपाय असतो हे माहीत नाही, तिसऱ्याला उपाय असतात हे माहितीये पण तुमची वस्तू माहीत नाही, चौथ्याला वस्तू माहितीये पण अजून पटली नाही, आणि पाचव्याला सगळं माहितीये, फक्त घ्यायचं बाकी आहे. मजकूर कुठून सुरू करायचा ते समोरचा कुठल्या पायरीवर उभा आहे त्यावर ठरतं.

सिस्टरांचं जुनं मलपृष्ठ पहिल्या पायरीवरच्या माणसासाठी होतं, "कधीतरी आपल्यावर जबाबदारी येऊन पडते." पण ज्याच्यावर ती पडलेली नाही तो हे पुस्तक घेतच नाही. घेणारा दुसऱ्या पायरीवर आहे. त्याला अडचण इतकी माहितीये की त्याची झोप गेलीये, पण असं पुस्तक असू शकतं हे त्याच्या मनातच आलेलं नाही. त्याला जीवन म्हणजे काय हे सांगायचं नाहीये. त्याची रात्र त्याला ओळखीची वाटेल अशी दाखवायची आणि लगेच एक खरी, उपयोगी गोष्ट हातात द्यायची.

नावाबद्दल आमचा बराच वाद झाला. मी त्यांना हॅल्डमन-ज्युलियसची गोष्ट सांगितली. इमॅन्युएल हॅल्डमन-ज्युलियस हा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या गिरार्ड गावातला प्रकाशक, पाच सेंटला छोट्या निळ्या पुस्तिका विकायचा, कोट्यवधी विकल्या. जी पुस्तिका खपत नसे तिचं तो नाव बदलून बघायचा, आतला मजकूर तोच. फ्रेंच लेखक गोतिए यांच्या एका कथेच्या १९२५ मध्ये साधारण ६,००० प्रती गेल्या होत्या, नाव होतं सोनेरी लोकरीबद्दलचं. नाव बदलून "सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध" अशा अर्थाचं केलं आणि १९२६ मध्ये ५०,००० गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "मग तू माझ्या पुस्तकाला काय नाव देणार, असलंच काहीतरी?" त्यांचा राग बरोबर होता. त्या उदाहरणातून चटकदार नाव ठेवा एवढंच घेतलं तर चुकतं. माझ्या मते त्यात घेण्यासारखं हे, की आत काय आहे ते नावातून कळलं की हात पुढे येतो. त्याच प्रकाशकाने कितीतरी साध्या माहितीच्या पुस्तिकांच्या नावात "अमुक कसं करावं" एवढं स्पष्ट करून खप वाढवला होता, आणि त्यात भडक काही नव्हतं.

पण व्यवहारात नाव लगेच बदलता येत नाही हेही लक्षात घ्या. नाव किंवा उपशीर्षक बदललं की तो नवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्यायचा मामला होतो, ई-बुकच्या पेजवर भरलेलं नाव मुखपृष्ठावरच्या नावाशी जुळावं लागतं, आणि छापलेल्या प्रती घरात पडलेल्या असतात त्यांचं काय. मग असं ठरवलं की शिल्लक प्रतींवर एक आडवी कागदी पट्टी गुंडाळायची, तिच्यावर ठळक अक्षरात "पेशंट घरी आणलाय? पहिल्या रात्रीपासून काय करायचं ते यात आहे." आणि दुसऱ्या आवृत्तीत जुनं नाव ठेवून खाली सरळ उपशीर्षक: "अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी". दिवा आणि संध्याकाळ राहिली. मला ते मान्य आहे, नावात लेखकाचं मन असतं आणि उपशीर्षक काम करणार असेल तर नावाला थोडी कविता परवडते.

आता नवा मजकूर. हा सातवा खर्डा आहे:

"माणसाला ओढू नका, खालची चादर धरा.

पेशंट घरी आलाय. हॉस्पिटलात सगळं दाखवलं होतं, पण आता रात्र झालीये आणि खोलीत तुम्ही एकटे आहात. कूस कशी बदलायची? भरवताना ठसका लागला तर? डायपर बदलताना आईकडे बघायचं कसं?

३१ वर्षं वॉर्डात काम केलेल्या एका नर्सने हे पुस्तक तुमच्याशेजारी उभं राहून बोलावं तसं लिहिलंय. एकट्याने करायच्या गोष्टी वेगळ्या, दोघांनी करायच्या वेगळ्या. बेडसोरचा धोका कमी करण्यासाठी दिवसभराचा तक्ता. डॉक्टरांना लगेच फोन कधी करायचा याची यादी, मागच्या पानावर, पटकन सापडेल अशी.

पेशंट स्वतः उठून चालत असेल तर हे पुस्तक तुम्हाला आत्ता लागणार नाही. काळजी घेता घेता तुम्हीच थकला असाल तर आठव्या प्रकरणापासून सुरू करा."

वरच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ऑनलाइन वर्णनाला जागा भरपूर मिळते, ॲमेझॉनवर ४,००० अक्षरांपर्यंत, पण उघडल्या उघडल्या त्यातल्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचं "आणखी वाचा"च्या मागे जातं. म्हणजे जे काही सांगायचंय ते त्या ओळींत सुरू झालंच पाहिजे. जाहिरात क्षेत्रातले डेव्हिड ऑगिल्वी म्हणायचे की मथळा वाचणारे लोक खालचा मजकूर वाचणाऱ्यांच्या पाचपट असतात. त्यांचा काळ छापील जाहिरातींचा होता, आकडा सोडून द्या, पण मोबाईलवर मी स्वतः कसा वाचतो ते बघितलं तर मला हे पटतं.

"आपण" की "तुम्ही" हाही प्रश्न होता. सिस्टरांना "आपण" हवं होतं, आदराचं म्हणून. पण मराठीत आपण म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही, आणि रात्री खोलीत एकटा असलेल्या माणसाला "आपण" म्हटलं की तो समूहात हरवतो. "तुम्ही" म्हटलं की त्याच्याकडे बघून बोलल्यासारखं होतं. तसंच "लेखिकेने प्रस्तुत ग्रंथात" काढलं, लेखिका स्वतः मागे गेली आणि तिचं काम पुढे आलं.

"हे पुस्तक तुम्हाला आत्ता लागणार नाही" या ओळीवर पुस्तक छापून देणाऱ्यांनी सांगितलं की असं लिहायचं नसतं, गिऱ्हाईक परत जातं. जाऊ दे की. चुकीच्या माणसाने घेतलं तर तो नाराज होऊन तसाच अभिप्राय लिहितो, आणि ज्याला गरज आहे त्याला ती ओळ वाचून विश्वास बसतो की हे लोक सरसकट सगळ्यांना विकत नाहीयेत.

आणि आता ज्या जागी मी पुन्हा चुकलो ती जागा. चौथ्या खर्ड्यात माझी ओळ होती, "हा तक्ता पाळा, बेडसोर होणारच नाहीत." सिस्टरांनी ती खोडली. मी म्हटलं सिस्टर, विकायला ठाम वाक्य लागतं. त्या म्हणाल्या, "अरे, दर दोन तासांनी कूस बदलूनही काहींना होतात. खाणं कमी असतं, शुगर असते, रक्तपुरवठा नीट नसतो. ज्या मुलीने सगळं केलं आणि तरी तिच्या वडिलांना जखम झाली ती हे वाचून काय म्हणेल? आपलंच चुकलं म्हणेल." मला उत्तर सुचलं नाही. "धोका कमी करण्यासाठी" हे शब्द कमजोर वाटतात, पण खरे आहेत, आणि आरोग्याच्या विषयावर कॉपी लिहिताना खात्रीने सांगता येणार नाही असं वचन दिलं तर त्याचा भार त्या वाचकावर पडतो ज्याची काही चूक नाही. त्यानंतर प्रत्येक दावा आम्ही पुस्तकातल्या पानाशी लावून बघितला. पान नसेल तर वाक्य गेलं.

अभिप्रायांचं थोडक्यात. सिस्टरांना एखाद्या मोठ्या डॉक्टरांचं वाक्य हवं होतं. मोठ्या नावाच्या शिफारशीची हौस जुनी आहे, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने आपल्या "लीव्ह्ज ऑफ ग्रास" या कवितासंग्रहाच्या १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर नामवंत लेखक इमर्सनच्या पत्रातली ओळ सोनेरी अक्षरात छापली होती, आणि तीही इमर्सनला न विचारता. आम्ही डॉक्टरांऐवजी त्या नऊ जणांना विचारलं, तुमचं बोललेलं वाक्य वापरू का, लेखी हो म्हणाल का. पाच जण हो म्हणाले. दुसऱ्या खोलीत बसलेल्या मुलाचं वाक्य सगळ्यात जबरदस्त होतं आणि तो नको म्हणाला. नाही वापरलं. इथेही त्याचे शब्द मी दिलेले नाहीत, प्रसंग तेवढा सांगू का असं विचारून सांगितलाय.

मग प्रसार. सुरुवातीला तीन आठवडे आम्ही सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिरात चालवली आणि ती पडली. कारण नंतर विचार केल्यावर कळतं, फोटो बघत बसलेला माणूस आजारपण बघायला आलेला नसतो, आणि ज्याच्या घरी आजारपण आहे तो त्या पाच मिनिटांत त्यापासून सुटायलाच तिथे आलेला असतो. जाहिरात वाईट नव्हती, वेळ चुकीची होती.

म्हणून उलट विचार केला, ज्या दिवशी हा वाचक तयार होतो त्या दिवशी तो कुणाकुणाला भेटतो? हॉस्पिटलचा पलंग भाड्याने देणाऱ्यांना. फिजिओथेरपिस्टला. औषधांच्या दुकानात डायपर घेताना. घरी येणाऱ्या ब्युरोच्या आयांना. त्यांच्यासाठी आम्ही पहिल्या रात्रीचं दोन पानी पत्रक बनवलं, पुस्तकातलंच, वेळेनुसार लावलेलं, घरी आणल्यापासून सकाळपर्यंत. पलंगाची उंची किती, चादर कशी टाकायची, उशा कुठे, भरवताना पूर्ण बसवून आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, रात्री किती वेळा उठायचं आणि घरात दोघं असतील तर पाळी कशी लावायची. छापूनही दिलं आणि व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होईल अशी पीडीएफही. तळाशी पुस्तकाचं नाव, पट्टीवरची ओळ आणि लिंक.

नमुना देऊन विकणं यात नवीन काही नाही, जाहिरातींचं लिहिणाऱ्या क्लॉड हॉपकिन्सने १९२३ सालीच लिहून ठेवलंय की वस्तूच स्वतःची सगळ्यात चांगली विक्रेती असायला हवी, म्हणून नमुने फार महत्त्वाचे. फक्त एक काळजी घ्या, नमुना अर्धवट नको. काही जण असं करतात की पाच गोष्टी सांगतात आणि सहावी पुस्तकात म्हणतात. इथे तसं केलं असतं तर रात्री दोन वाजता कुणाचीतरी अडवणूक झाली असती. आमचं पत्रक एका रात्रीपुरतं पूर्ण आहे. ती रात्र निभावली की दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःच बाकीचं शोधतो. पीडीएफ उघडायला फोन नंबर द्या वगैरे पण ठेवलं नाही, मला मोह झाला होता, यादी तयार होते त्यातून, पण हातात पेशंट असताना फॉर्म भरायला लावणं मला पटेना.

व्हिडिओचंही सांगतो. पहिला सिस्टरांनी खुर्चीत बसून कागद वाचून केला, कुणी शेवटपर्यंत बघितला नाही. दुसऱ्यात भाच्याला पलंगावर झोपवलं आणि बोलत बोलत चादरीने वर घेऊन दाखवलं, मध्ये भाचा हसला तेही ठेवलं. तो लोकांनी एकमेकांना पाठवला. त्यांचे हात दिसले की झालं, मजकुराची गरजच नव्हती.

मोजमाप कसं केलं हे विचारतात म्हणून. पत्रकावर एक लिंक, व्हिडिओखाली दुसरी, पट्टीवर तिसरी, म्हणजे माणूस कुठून आला ते कळतं. जॉन केपल्ससारखे जुने कॉपीरायटर जाहिरातीच्या कुपनवर वेगवेगळे कोड छापून हेच करायचे. पण लहान आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. समजा जुन्या वर्णनावर २०० जण आले आणि चौघांनी घेतलं, नव्यावर २०० आले आणि सातांनी घेतलं, तर "पाऊणपट वाढ" म्हणून नाचू नका, एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. आमच्याकडे येणारे लोक इतके थोडे होते की दोन मजकूर समोरासमोर तपासण्यात अर्थच नव्हता. मग आम्ही दुसरी खूण धरली: ऑर्डरवर अनोळखी नाव आहे का. आधीच्या पाच महिन्यांत एकही नव्हतं. पत्रक वाटायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात पहिलं आलं आणि सिस्टरांनी मला फोन करून ते नाव दोनदा वाचून दाखवलं, "मी यांना ओळखत नाही रे, अजिबात ओळखत नाही." त्यानंतर बहुतेक ऑर्डर अनोळखीच आहेत, आणि त्यातल्या जास्त पत्रकावरच्या लिंकवरून. ब्लर्बचा वाटा किती आणि पत्रकाचा किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, दोन्ही एकाच वाक्यावर उभे आहेत.

शिल्लक प्रती संपत आल्यात आणि दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे. प्रकरणं आता वेळेनुसार लावतोय, पहिलं प्रकरण "घरी आणल्याची पहिली रात्र". ते सिस्टरांनी नव्याने लिहिलं आणि एका बैठकीत लिहिलं.

एकच गोष्ट बराच काळ अडून होती. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मृत्यूबद्दल आहे, शेवटच्या दिवसांत काय बदल दिसतात, श्वास कसा बदलतो, जवळच्यांनी काय करायचं. माझ्या मजकुरात त्याचा उल्लेखच नव्हता आणि मी तो मुद्दाम टाळला होता, घाबरवणारं वाटेल म्हणून. सिस्टरांचं म्हणणं की लपवायचं नाही, ज्याला ते लागेल त्याला ते आहे हे माहीत पाहिजे. नऊमधल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की त्यांनी अख्ख्या पुस्तकातलं तेवढंच प्रकरण वाचलं, दोनदा, आणि मी ते टिपून ठेवूनही मजकुरात आणलं नव्हतं. मी चार-पाच प्रकारे लिहून बघितलं, "कठीण काळातही साथ", "अखेरच्या प्रवासात", प्रत्येक वेळी पुन्हा तेच जुनं महावस्त्र विणल्यासारखं व्हायला लागलं.

शेवटी सिस्टरांनीच लिहिलं, मेसेजवर पाठवलं, आणि दहा मिनिटांनी त्यातला "कृपया" काढून परत पाठवलं. छपाईला तेच जातंय, मलपृष्ठावर सगळ्यात खाली:

"शेवटचं प्रकरण आत्ता वाचू नका. वेळ आली तर ते तिथे आहे."